कायदा दिल्लीचा, कागद तहसीलचा

मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २१ ऑगस्ट २०२० रोजी दिलेला एक निकाल परकीय नागरिक आणि संघराज्य या विषयात नव्याने शिरणाऱ्याने सर्वांत आधी वाचावा. न्या. टी. व्ही. नलावडे आणि न्या. एम. जी. सेवलीकर यांच्यासमोर आलेले २९ परदेशी अर्जदार आयव्हरी कोस्ट, घाना, टांझानिया, जिबूती, बेनिन, इंडोनेशिया अशा देशांचे होते. पर्यटन व्हिसावर भारतात आलेले हे लोक दिल्लीला तबलिगी जमातच्या मरकजमध्ये जाऊन पुढे अहमदनगर जिल्ह्यात आले. टाळेबंदीच्या काळात ते तिथल्या मशिदींत मुक्कामाला होते. व्हिसाच्या अटी मोडल्या, साथ पसरवण्याचा धोका निर्माण केला, अशा आरोपांखाली त्यांच्यावर गुन्हे दाखल झाले. खंडपीठाने ते रद्द केले. या परदेशी लोकांना बळीचा बकरा केले गेल्याचा न्यायालयाचा शेरा तेव्हा देशभर गाजला. न्या. सेवलीकर यांनी अंतिम आदेशाशी सहमती दाखवून काही कारणमीमांसेपासून मात्र स्वतःला वेगळे ठेवले, हे फारसे कुणाच्या लक्षात राहिले नाही.

या पुस्तकाच्या दृष्टीने त्या निकालात आणखी एक गोष्ट आहे. या माणसांना व्हिसा दिला केंद्र सरकारने. २ एप्रिल २०२० रोजी ९६० परदेशी नागरिकांना काळ्या यादीत टाकले तेही केंद्रीय गृहमंत्रालयाने, आणि त्यांच्यावर कारवाई करा असे राज्यांच्या पोलीस महासंचालकांना कळवले तेही त्याच मंत्रालयाने. गुन्हे मात्र नोंदवले महाराष्ट्राच्या पोलिसांनी, आणि त्या वेळी राज्यात केंद्राच्या विरोधी पक्षांचे सरकार होते. खंडपीठाने नोंदवले की राज्य सरकारने राजकीय दडपणाखाली पाऊल उचलले आणि पोलिसांनी कायद्याने दिलेले स्वतःचे अधिकार वापरण्याचे धाडस दाखवले नाही, डोके चालवले नाही. व्हिसाच्या नियमावलीत पर्यटकाने धार्मिक स्थळी जाणे किंवा प्रवचन ऐकणे निषिद्ध नाही, धर्मप्रचाराला बंदी आहे. हा फरक नियमावली उघडून पाहिली असती तर ठाण्यातल्या तपास अधिकाऱ्यालाही दिसला असता. पण दिल्लीहून पत्र आले होते. पत्र पाठवणाऱ्याने गुन्हा नोंदवला नव्हता, आणि गुन्हा नोंदवणाऱ्याने निर्णय आपला मानला नव्हता. मधल्या या मोकळ्या जागेत २९ माणसे अडकली.

ही मोकळी जागा हाच या संग्रहाचा विषय आहे. परकीय नागरिकांविषयीचा कायदा संघराज्यात कोणाच्या हातात असतो, तो राबवतो कोण, आणि चूक झाली तर जाब कोणाला विचारायचा?

घटनेच्या सातव्या परिशिष्टात उत्तर वरकरणी स्वच्छ आहे. संघसूचीतील १७ वी नोंद नागरिकत्व आणि परकीयांची, १९ वी नोंद भारतात प्रवेश, भारताबाहेर जाणे, भारतातून काढून टाकणे, पासपोर्ट आणि व्हिसा यांची. राज्यांना यात कायदा करण्याचा काडीचाही अधिकार नाही. राज्यसूचीच्या पहिल्या दोन नोंदी मात्र सार्वजनिक सुव्यवस्था आणि पोलीस या आहेत, तुरुंग चौथ्या नोंदीत. म्हणजे परदेशी माणूस कोण हे संसद ठरवणार, आणि त्याला शोधणारा हवालदार, कोंडणारा तुरुंग, जामिनाला विरोध करणारा सरकारी वकील हे सगळे राज्याचे. त्यात जन्ममृत्यूची नोंद समवर्ती सूचीत. तिचा कायदा संसदेने केला असला तरी दप्तर ग्रामपंचायतीत आणि महापालिकेत.

ही फाट सांधण्यासाठी घटनेत २५८ वे कलम आहे. त्यानुसार राष्ट्रपती राज्याच्या संमतीने केंद्राची कामे राज्याकडे सोपवू शकतात. १९४६ च्या परकीय नागरिक कायद्यातले ओळख पटवण्याचे, अटकावाचे आणि देशाबाहेर काढण्याचे अधिकार १९५८ च्या अधिसूचनेने राज्य सरकारांना मिळाले. मुंबईसारख्या ठिकाणी केंद्राचे स्वतःचे विभागीय नोंदणी कार्यालय असते. इतरत्र जिल्ह्याचे पोलीस अधीक्षक किंवा शहराचे पोलीस आयुक्तच परदेशी नागरिकांचे नोंदणी अधिकारी असतात. अधिकारी राज्याचा, पगार राज्याचा, पण त्या खुर्चीत बसल्यावर अधिकार केंद्राचा.

छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादला, हे कोरडे वाक्य रोज घडताना दिसते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात आणि शहरातल्या महाविद्यालयांत वर्षानुवर्षे येमेन, इराक, सुदान अशा देशांतले विद्यार्थी येत आले आहेत. १८० दिवसांहून अधिक मुदतीच्या विद्यार्थी व्हिसावर आलेल्या मुलाला पोहोचल्यापासून १४ दिवसांत नोंदणी करावी लागते. अर्ज आता संकेतस्थळावर भरायचा, तरी कागद जुनेच: महाविद्यालयाचा बोनाफाईड दाखला, घरमालकाशी केलेला भाडेकरार, पासपोर्ट आणि व्हिसाच्या प्रती, घरमालकाने भरायचा मुक्कामाच्या माहितीचा फॉर्म. घरमालक करार करायला कचरतो. महाविद्यालयाचा लिपिक दाखला उद्या देतो म्हणतो. नोंदणीला उशीर झाला की दंड भरायचा विद्यार्थ्याने. मायदेशात युद्ध सुरू आहे, पासपोर्टची मुदत संपत आली आहे आणि दूतावास प्रतिसाद देत नाही, अशा येमेनी मुलाच्या अर्जावर काय करायचे हे कुठल्याही कलमात स्पष्ट लिहिलेले नाही. ते पोलीस आयुक्तालयातल्या विशेष शाखेच्या टेबलावर ठरते. तिथला माणूस समजूतदार असेल तर पोराचे वर्ष वाचते. कायद्याच्या पाठ्यपुस्तकात या टेबलाचा उल्लेख नसतो, या पुस्तकात आहे.

मराठवाड्याला हा प्रश्न बाहेरून कळलेला नाही. १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, आणि संस्थानाचे स्वतःचे मुल्की नियम होते. कोण मुल्की, कोण गैरमुल्की, पंधरा वर्षांचे वास्तव्य कसे सिद्ध करायचे, त्यावर सरकारी नोकरी कशी मिळायची, हा कारभार आपल्या आजोबा-पणजोबांनी पाहिला. १९५२ मध्ये वरंगळला गैरमुल्कींविरुद्ध आंदोलन पेटले. १९५६ साली राज्यपुनर्रचनेत मराठवाडा बाहेर पडला, तरी तेलंगणात या नियमांवरून वाद होत राहिले. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवले आणि पुढच्याच वर्षी संसदेने रद्द केले. नोकरीसाठी वास्तव्याची अट घालण्याचा अधिकार घटनाकारांनी सोळाव्या कलमात फक्त संसदेला का दिला, हे मुल्की नियम माहीत असलेल्या वाचकाला समजावून सांगावे लागत नाही.

रझाकारांच्या काळात मराठवाड्यातली हजारो कुटुंबे सरहद्द ओलांडून मुंबई प्रांतात आणि मध्य प्रांतात गेली, तिथल्या छावण्यांत राहिली. त्या वेळी ती सरहद्द हिंदुस्थानची होती. पोलीस कारवाईनंतर बाजू उलटली. पिढ्यान्‌पिढ्या संस्थानात राहिलेल्या, इथल्याच स्त्रियांशी लग्ने केलेल्या अरबांना आणि पठाणांना नव्या प्रशासनाने परदेशी ठरवून अटकेत ठेवले आणि देशाबाहेर पाठवण्याचे घाटले. त्यांना घ्यायला कुठला देश तयार, इथपासून अडचण होती, आणि बहुतेक जण अखेर इथेच राहिले. इतिहासकार टेलर शर्मन यांनी या प्रकरणावर बारकाईने लिहिले आहे. नागरिकत्वाची व्याख्या दिल्लीत अजून लिहिली जात असताना हैदराबादेत ती छावणीच्या दारावर ठरत होती, ही त्यातली मला सर्वांत बोलकी वाटणारी बाब.

दिल्लीत लिहिली जात असलेली व्याख्याही सुखासुखी झाली नाही. १० ऑगस्ट १९४९ रोजी नागरिकत्वाची कलमे मांडताना डॉ. आंबेडकरांनी मसुदा समितीला एवढी डोकेदुखी दुसऱ्या क्वचितच एखाद्या कलमाने दिली असे संविधान सभेत सांगितले. दुसऱ्या दिवशी अमरावतीचे डॉ. पंजाबराव देशमुख यांनी मसुद्यावर कडाडून टीका केली. या कलमाने भारतीय नागरिकत्व जगात सर्वांत स्वस्त होईल असे त्यांचे म्हणणे होते, आणि दुसऱ्या कुठल्याच देशाचे नागरिक नसलेल्या हिंदू-शिखांना ते कुठेही राहत असले तरी हक्क मिळावा अशी दुरुस्ती त्यांनी सुचवली. ती फेटाळली गेली. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्यावरची भांडणे ज्यांना अगदी नवी वाटतात त्यांनी ही चर्चा काढून वाचावी, दोन्ही बाजूंचे युक्तिवाद तिथे सापडतील. एक मुद्दा मात्र तेव्हा वादाचा नव्हता. ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात आंबेडकरांनी सांगितले होते की शासन दुहेरी असेल, नागरिकत्व एकच. अमेरिकेप्रमाणे राज्याचे वेगळे नागरिकत्व इथे नसेल. आपल्या संघराज्याचा हा कणा आहे, आणि पुढच्या सगळ्या गुंतागुंतीला त्याचीच पार्श्वभूमी आहे.

फाळणीनंतरची पहिली दहा वर्षे विचित्र होती. १९४६ च्या कायद्यातली परकीयाची व्याख्या ब्रिटिश साम्राज्याच्या हिशेबाने केलेली असल्यामुळे पाकिस्तानी नागरिक तिच्यात बसतच नव्हता. १९५७ च्या दुरुस्तीने भारताचा नागरिक नाही तो परकीय असे ठरले, आणि १९५८ ची अधिसूचना त्यापाठोपाठ आली. निर्वासितांच्या बाबतीत त्या काळात केंद्र आणि राज्य यांची वाटणी सोपी होती: धोरण दिल्लीचे, जमीन राज्याची. कल्याणजवळच्या लष्करी छावणीचे १९४९ मध्ये उल्हासनगर झाले. पूर्व बंगालचे निर्वासित आजच्या गडचिरोली जिल्ह्यात मुलचेरा आणि चामोर्शीच्या बाजूला वसवले गेले, तिबेटी लोक गोंदियाच्या गोठणगावला. हे महाराष्ट्राच्या प्रशासनाचे चांगले काम होते आणि त्याची आठवण मराठीत जवळजवळ पुसली गेली आहे.

आसामने हे सोपेपण संपवले. १९८५ चा करार, फक्त आसामात लागू झालेला आणि पुरावा देण्याचा भार तक्रारदारावर टाकणारा १९८३ चा कायदा, तो रद्द करणारा २००५ चा सर्वानंद सोनोवाल खटल्याचा निकाल, ३१ ऑगस्ट २०१९ च्या नागरिक नोंदवहीतून गळालेली १९ लाखांहून अधिक माणसे, नागरिकत्व कायद्याचे ६-अ कलम वैध ठरवणारा ऑक्टोबर २०२४ चा घटनापीठाचा निकाल. यावर इंग्रजीत ग्रंथ आहेत, म्हणून इथे एवढेच. लक्षात ठेवण्याची गोष्ट अशी की परकीय न्यायाधिकरणांची ती सगळी यंत्रणा प्रत्यक्षात आसामपुरती राहिली. महाराष्ट्रात संशयिताचे नागरिकत्व ठरवणारे असे न्यायाधिकरण नाही. इथे गुन्हा नोंदवला जातो, फौजदारी खटला चालतो, शिक्षा भोगून झाली की माणूस सीमा सुरक्षा दलाच्या हवाली होतो. आणि अलीकडे, पुष्कळदा, खटलाही चालत नाही.

आपल्या राज्यातला सर्वांत बोलका प्रसंग जुलै १९९८ चा आहे. राज्यात शिवसेना-भाजप युतीचे सरकार होते, पश्चिम बंगालमध्ये डाव्या आघाडीचे. मुंबईत पकडलेल्या, बांगलादेशी ठरवलेल्या लोकांना घेऊन महाराष्ट्राचे पोलीस रेल्वेने हावड्याकडे निघाले होते. हावड्याच्या अलीकडे उलुबेरिया स्थानकावर जमावाने गाडी अडवली आणि त्यातल्या अनेकांना सोडवून नेले. जमावाच्या पुढे सत्ताधारी आघाडीतल्या पक्षाचा आमदार होता. ही माणसे आमची, बंगालची आहेत, बंगाली बोलतात म्हणून तुम्ही त्यांना परदेशी ठरवता, असे बंगालचे म्हणणे. केंद्राने आम्हाला अधिकार दिलेला आहे, आम्ही तो वापरतो आहोत, असे महाराष्ट्राचे. दोघेही कायद्याच्या भाषेत बोलत होते, आणि त्या गाडीतल्या माणसांपैकी कोण कुठले हे नि:पक्षपातीपणे तपासणारी जागा हावड्यापर्यंतच्या रुळांवर कुठेच नव्हती. दोन राज्यांचे पोलीस-प्रशासन केंद्राच्या विषयावरून समोरासमोर आले आणि केंद्र बघत राहिले.

त्याआधी तीनच वर्षे सर्वोच्च न्यायालयाने लालबाबू हुसेन खटल्यात मुंबई आणि दिल्लीतल्या मतदारांना परकीय समजून बजावलेल्या सरसकट नोटिसा बेकायदा ठरवल्या होत्या. ज्याचे नाव यादीत आधीपासून आहे त्याला अचानक पुराव्याच्या पिंजऱ्यात उभे करता येणार नाही, आधारभूत माहिती त्याच्यापुढे ठेवा आणि त्याचे ऐका, असे न्यायालयाने म्हटले. कायद्यात पुराव्याचा भार माणसावर असेलही, पण तो टाकण्याआधी संशयाला काही आधार हवा, हे तत्त्व तेव्हा सांगितले गेले. ते आजही तितकेच लागू आहे असे माझे ठाम मत आहे.

आज हे सगळे पुन्हा का वाचायचे, याचे उत्तर गेल्या काही वर्षांत आहे. १९२०, १९३९, १९४६ आणि २००० चे चार कायदे रद्द करून संसदेने २०२५ चा आप्रवासन आणि परकीय नागरिक कायदा केला, तो १ सप्टेंबर २०२५ पासून अमलात आला. पुराव्याचा भार व्यक्तीवर कायम राहिला, विनापासपोर्ट प्रवेशाची शिक्षा ५ वर्षे कैद किंवा ५ लाखांच्या दंडापर्यंत गेली, विद्यापीठे आणि रुग्णालये यांच्यावर माहिती देण्याचे बंधन आले. त्याआधी मे २०२५ मध्ये गृहमंत्रालयाने राज्यांना संशयितांच्या कागदपत्रांच्या पडताळणीसाठी ३० दिवसांची मुदत घालून दिली होती. त्या उन्हाळ्यात महाराष्ट्रातून उचललेल्या काही मजुरांना सीमेपलीकडे ढकलले गेले, आणि ते भारतीयच असल्याचे कागद पश्चिम बंगाल सरकारने दाखवल्यावर त्यांना परत आणावे लागले. दिल्लीहून बांगलादेशात पाठवलेल्या बीरभूमच्या एका गर्भवती महिलेचे प्रकरण कोलकाता उच्च न्यायालयात आणि पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले, ती डिसेंबरमध्ये परतली. उलुबेरियाला जे घडले त्यात आणि यात सत्तावीस वर्षांचे अंतर आहे, प्रश्न तसूभरही हललेला नाही: एका राज्याचे पोलीस दुसऱ्या राज्याच्या रहिवाशाचे नागरिकत्व ठरवताना त्या राज्याला विचारतात का, आणि उत्तराची वाट पाहतात का?

दुसरा धागा थेट आमच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात येतो. घरी, बाळंतिणीच्या खोलीत जन्मलेल्या आणि कुठेच नोंद न झालेल्या माणसाला वर्ष उलटल्यानंतर जन्मदाखला हवा असेल, तर आधी ग्रामपंचायतीकडून किंवा नगरपालिकेकडून नोंद आढळत नसल्याचा दाखला आणायचा, मग शाळेचा निर्गम उतारा, प्रतिज्ञापत्र, साक्षीदार जोडायचे. पूर्वी हे प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जायचे. जन्ममृत्यू नोंदणी कायद्याच्या २०२३ च्या दुरुस्तीने ते कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे आले आणि महाराष्ट्रात तहसीलदारांच्या दालनाबाहेर रांगा लागल्या. पासपोर्ट काढायचा आहे, हजला जायचे आहे, आधार कार्डावरची तारीख चुकली आहे, मुलाच्या शाळेत मागतात, असली साधी कारणे. जानेवारी २०२५ मध्ये मालेगावला या मार्गाने बांगलादेशी आणि रोहिंग्या लोकांना दाखले दिल्याचा आरोप झाला. विशेष तपास पथक नेमले गेले, महसूल अधिकारी निलंबित झाले, सबंध राज्यात उशिराचे दाखले देणे थांबले. मार्चमध्ये नवी, कडक कार्यपद्धती आली. आरोपांच्या यादीत आमच्या जिल्ह्यातले सिल्लोडही होते.

खोटे दाखले कुणी दिले असतील तर ते शोधलेच पाहिजेत, त्यावर दुमत नाही. पण या प्रकरणात संघराज्याचा जो पेच आहे तो चर्चेत आलाच नाही. तहसीलदार जन्माची नोंद करतो, नागरिकत्व देत नाही, तो अधिकारच त्याला नाही. तरीही मराठवाड्यातल्या एखाद्या म्हातारीचा दाखला अडला की तिच्या नागरिकत्वावरच प्रश्नचिन्ह लागते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका जामीन प्रकरणात स्पष्ट केले की आधार, पॅन, मतदार ओळखपत्र असणे म्हणजे नागरिकत्व सिद्ध होणे नव्हे. कायद्याच्या दृष्टीने बरोबर. मग सिद्ध कशाने होते? अखेर जन्माच्या आणि आईवडिलांच्या कागदाने, आणि तो कागद परत तहसीलच्या दारात. नागरिकत्वाचा सर्वोच्च विषय असा राज्याच्या सर्वांत खालच्या दप्तरावर उभा आहे. कमल सादिक यांनी आपल्या पुस्तकात कागदोपत्री नागरिकांचा अभ्यास मांडला आहे, त्यांचे विवेचन मालेगाव आणि सिल्लोडला ताडून पाहायला हवे.

राज्यांवर विश्वास नसेल तर केंद्र काय करते, हेही आता दिसले आहे. २०१६ च्या अधिसूचनेने नागपूर, पुणे, ठाणे आणि मुंबई इथल्या जिल्हाधिकाऱ्यांना विशिष्ट अल्पसंख्याक निर्वासितांना नागरिकत्व देण्याचे अधिकार मिळाले होते. केरळने जानेवारी २०२० मध्ये १३१ व्या कलमाखाली नागरिकत्व दुरुस्ती कायद्यालाच सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले, काही विधानसभांनी विरोधाचे ठराव केले. त्या कायद्याचे मार्च २०२४ चे नियम आले तेव्हा त्यांत जिल्हाधिकारी गायब होता. अधिकारप्राप्त समिती जनगणना संचालकांची, जिल्हा समिती टपाल खात्याच्या अधीक्षकांची. केंद्राने स्वतःची माणसे शोधली आणि जिल्ह्यात त्याला पोस्ट ऑफिस सापडले. घटनेच्या अभ्यासकांनी या तरतुदीकडे जितके लक्ष द्यायला हवे होते तितके दिले नाही. सहकारी संघराज्यावरची भाषणे आपण खूप ऐकतो, सहकार्य नको असेल तेव्हा संघराज्य कसे चालते त्याचा हा नमुना आहे.

इतर देशांत याच प्रश्नाला वेगवेगळी उत्तरे मिळाली. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात बंदरे असलेली राज्येच येणाऱ्यांवर कर आणि जामीन लादत. १८७५ मध्ये कॅलिफोर्नियाने अडवलेल्या चिनी स्त्रियांच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो अधिकार संघसत्तेचा ठरवला. २०१२ मध्ये ॲरिझोनाचा कडक कायदा बहुतांशी रद्द झाला. पण दुसऱ्या बाजूने, १९९७ पासून हेही पक्के आहे की संघसरकार राज्याच्या पोलिसांना आपल्या कामाला जुंपू शकत नाही. न्यू जर्सीने २०१८ मध्ये आपल्या पोलिसांनी आप्रवासन अधिकाऱ्यांना कितपत मदत करावी यावर मर्यादा घातली. एडिसनच्या आसपास राहणाऱ्या मराठी कुटुंबांना ‘राज्य’ आणि ‘फेडरल’ यांतला हा फरक आता चांगलाच ठाऊक आहे. कॅनडाच्या घटनेत आप्रवासन मुळातच सामायिक विषय आहे आणि क्वेबेकने १९९१ च्या कराराने आपले लोक निवडण्याचा अधिकार मिळवला. जर्मनीत कायदा संघाचा, परदेशी नागरिकांची कार्यालये स्थानिक. आपल्या रचनेशी सर्वांत जवळचे तेच.

अभ्यासकांचे प्रवाहही त्यानुसार आहेत. सीमा आणि नागरिकत्व ही सार्वभौमत्वाची खूण, म्हणून केंद्राची सत्ता अविभाज्य, हे जुने मत आपल्या न्यायालयांत आजही प्रबळ आहे. गुलशेखरम आणि रामकृष्णन यांच्यासारखे अमेरिकी अभ्यासक दाखवतात की प्रत्यक्ष कायदा राज्ये आणि शहरे रोज घडवत असतात, कधी स्थलांतरिताच्या बाजूने, कधी विरुद्ध. भारतात नीरजा गोपाळ जयाल आणि अनुपमा रॉय यांनी नागरिकत्वाचा प्रवास जन्माकडून वंशाकडे कसा सरकला ते मांडले. मायरन वीनर यांचे १९७८ चे भूमिपुत्रांवरचे पुस्तक आणि मेरी कॅट्झेनस्टाइन यांचे शिवसेनेवरचे काम यांनी देशांतर्गत स्थलांतराचे राजकारण समोर आणले. हा शेवटचा प्रवाह आणि नागरिकत्वाचा प्रवाह एकमेकांशी फारसे बोलत नाहीत. महाराष्ट्रात ते वेगळे करताच येत नाहीत, कारण इथे ‘परप्रांतीय’ आणि ‘परदेशी’ यांतली रेघ ठाण्यात अनेकदा पुसली जाते.

म्हणूनच करमाड या पुस्तकात आहे. ८ मे २०२० च्या पहाटे आमच्या शहराजवळ करमाडपाशी रुळांवर झोपलेले मध्य प्रदेशचे १६ मजूर मालगाडीखाली मेले. जालन्याच्या कारखान्यात काम करणारे, शहडोल आणि उमरियाकडचे हे तरुण भुसावळला गाडी मिळेल म्हणून चालत निघाले होते. त्यांच्याकडे नागरिकत्व होते, एकोणिसाव्या कलमाने दिलेले संचाराचे स्वातंत्र्य होते. नव्हता तो पास. पाठवणारे राज्य, घेणारे राज्य आणि रेल्वे यांची संमती जुळेपर्यंत गाडी नाही, अशी तेव्हाची पद्धत. घेणाऱ्या राज्याच्या संमतीची अट १९ मे रोजी निघाली, अकरा दिवसांनी. आंतरराज्य स्थलांतर ही संघसूचीतली ८१ वी नोंद आहे, हे त्या आठवड्यात कोणाला आठवले नाही.

उलट्या दिशेचे स्थलांतरही इथे आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्राने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, सुरुवातीला १०,००० तरुणांचा. दोन देशांतल्या दोन घटक राज्यांनी, दोघांच्याही केंद्राकडे असलेल्या विषयावर केलेला करार! तो किती फळला यापेक्षा तो होऊ शकला हे अभ्यासण्याजोगे आहे. गोव्यातल्या पोर्तुगीज पासपोर्टधारकांसाठी तिथल्या राज्य सरकारने दिल्लीशी केलेला पत्रव्यवहारही त्याच जातीचा.

हे पुस्तक वकिलांनी, पत्रकारांनी, महसूल आणि पोलीस खात्यात काम केलेल्यांनी आणि इतिहासाच्या अभ्यासकांनी मिळून लिहिले आहे. घुसखोरी आहे की नाही, किती आहे, या वादात ते पडत नाही. त्यातले काही लेखक कडक अंमलबजावणीच्या बाजूचे आहेत, काही तिच्या विरोधातले, आणि संपादकांनी त्यांना एका सुरात बोलायला लावले नाही हे चांगले केले. सगळ्यांत समान आहे तो प्रश्न विचारण्याचा क्रम: निर्णय कोणी घेतला, कोणत्या अधिकाराने, कोणत्या कागदावर, आणि त्याविरुद्ध दाद कुठे. सीमेवरचे कुंपण, त्यासाठी बंगालने द्यायची जमीन, अरुणाचलातले चकमा, ईशान्येची इनर लाइन हे विषय ओझरते आले आहेत. मराठी वाचकाला आपल्या अंगणातून सुरुवात करून देणे हा हेतू असल्यामुळे मला ते रास्त वाटते.

एक आग्रह मात्र या प्रस्तावनेतच नोंदवतो. घटनेचे चौदावे आणि एकविसावे कलम नागरिकांपुरते नाही, प्रत्येक व्यक्तीसाठी आहे, आणि अटकेनंतर २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करण्याचा बाविसाव्या कलमातला नियम शत्रुदेशाचा नागरिक आणि प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेतला माणूस सोडून सर्वांना लागू आहे. महाराष्ट्राच्या गृहखात्याने संशयित परकीयांबाबतची आपली कार्यपद्धती मराठीत जाहीर करावी: ताब्यात घेतल्याची लेखी नोंद कुठे होते, मूळ राज्याला पत्र कोण पाठवतो, उत्तर येईपर्यंत माणूस कुठे असतो, त्याला वकील कधी मिळतो, आणि अंतिम आदेशावर सही कोणाची असते. यासाठी ना घटनादुरुस्ती लागते ना दिल्लीची परवानगी. पोलीस राज्याचा विषय आहे, आणि हा प्रश्न पुढच्या अधिवेशनात कोणीही आमदार विचारू शकतो.